गळाभेटीतला पासवर्ड

आमच्या घरात एक पासवर्ड आहे. फोनचा किंवा बँकेचा नाही, तोंडानं बोलायचा. घरातल्या चार मोठ्या माणसांना आणि माझ्या आठ वर्षांच्या भाचीला तो माहीत आहे. इथं मी तो लिहिणार नाही. वाचणारे सगळे चांगलेच असतील, पण मला ते कुठं माहीत आहे?

कल्पना माझीच. भाची पहिलीत असताना एका दुपारी तिचा काका जयसिंगपूरहून मोटारसायकलवर आला आणि तिला शाळेतून परस्पर घेऊन गेला. आडनाव एकच, मुलगी त्याला 'काका' म्हणाली, वॉचमननं दार उघडून दिलं. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दाजींना, शिक्षा लागली होती. आम्ही मंगळवार पेठेतल्या गल्ल्या, शाळेमागचं मैदान, तिच्या मैत्रिणींची घरं सगळं पालथं घातलं. दिवेलागणीला काकानंच तिला दारात आणून सोडलं. तिच्या हातात फुगा होता.

"आईला बगायची हुती नात," काका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "त्यात काय एवढं? आमचं बी पोर हाय की."

भाचीची आई, म्हणजे माझी ताई, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला नियम सांगितला. शाळेत न्यायला कुणीही आलं, ओळखीचं असलं तरी, आधी पासवर्ड विचारायचा. सांगितला तर जायचं, नाही तर परत वर्गात जाऊन बाईंना सांगायचं. तिला नियम फार आवडतात. खेळातसुद्धा ती आधी नियम ठरवते आणि मग खेळायचं विसरते. पासवर्डचा पहिला फटका बाबांना बसला. पावसात ते छत्री घेऊन तिला आणायला गेले आणि शब्द विसरले. नातीनं त्यांना गेटबाहेर उभं केलं. त्यांनी मला फोन लावला. मी सांगायला तयार होते, पण तोवर फोन तिनं घेतला होता आणि तिचं म्हणणं, "आजोबांनीच आठवायला पाहिजे." बाबांनी चिडून भाज्यांची, फळांची, देवांची नावं घेतली. शेवटी आठवला. घरी आल्यावर टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, "तीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या नातीनं मला वर्गाबाहेर उभं केलं."

हा सगळा बंदोबस्त दाजींच्या माणसांपासून होता, हे उघड कुणी बोलत नव्हतं. पण सगळ्यांना ठाऊक होतं.

दाजींचा जयसिंगपुरात जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा होता. ताईच्या लग्नात मी अकरावीत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी, म्हणून ते मला पहिल्या दिवसापासून 'म्याडम' म्हणत. "म्याडम, आमच्या घरचा चहा चालंल न्हवं? का कॉफी लागतीया?" सगळे हसायचे. मीही हसायचे. ते वाईट नव्हते, पण ते सतत काहीतरी विकत असायचे. इंजिन कसं आहे असं गिऱ्हाइकानं विचारलं की दाजी त्या ट्रॅक्टरवर हात ठेवून म्हणायचे, "पोरीगत सांभाळलाय ह्येला." तो ट्रॅक्टर त्यांच्याकडं आदल्या दिवशी आलेला असायचा. एका व्यवहारात एका माणसाशी भांडण झालं, शब्द वाढले, दाजींनी हातातली टॉमी त्याच्या डोक्यात घातली. टॉमी म्हणजे चाकाचे नट काढायची लोखंडी कांब. तो माणूस दवाखान्यात वारला. भाची तेव्हा चार वर्षांची होती. त्या दिवसापासून दाजी आत आहेत.

ताई माहेरी आली. आता ती वारणानगरला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, सकाळी पहिल्या गाड्यांपैकी एकीनं जाते आणि संध्याकाळी येते. तिनं घटस्फोट मागितला नाही. ती त्यांना भेटायलाही गेली नाही. त्यांनी ताईवर कधी हात उचलला होता का, हे मला माहीत नाही. ती माहेरी आल्यावर कितीतरी दिवस ती केस बांधायला हात वर करायची तेव्हा मी तिच्या दंडांकडे बघत असे. काही दिसलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

एक मात्र तिनं ठरवून केलं. मुलीला खोटं सांगायचं नाही. आईचं म्हणणं होतं, पप्पा दुबईला आहेत म्हणू, लहान आहे तोवर खपेल. ताई म्हणाली, "उद्या शाळेत कुणीतरी सांगेलच. मग ती आपल्यावर पण विश्वास ठेवणार नाही." म्हणून भाचीला माहीत आहे की पप्पांनी एका माणसाला मारलं, तो माणूस मेला, आणि त्याची शिक्षा चालू आहे. हे ती बाकी कुणाला सांगत नाही. हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नाही.

यंदा दिवाळीनंतर जेलमधून निरोप आला. गळाभेटीचा कार्यक्रम आहे, बंद्यांच्या लहान मुलांना आत सोडणार, मध्ये काच नाही, जाळी नाही. दाजींनी मुलीसाठी अर्ज केला होता. आणि त्याच आठवड्यात पोलीस चौकीतून एक हवालदार घरी येऊन बसले. दाजींनी फर्लोची म्हणजे काही दिवसांच्या सुटीची मागणी केली होती, तर पत्नीची काही हरकत आहे का, एवढंच विचारायला. ताई म्हणाली, विचार करून सांगते. हवालदारांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सावकाश सांगा. घाई न्हाय. पर आतला मानूस रोज वाट बगतोय, एवढं ध्यानात ठेवा."

दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात. माझ्या मनात जे आलं ते बाबांनी बोलून दाखवलं. "पोरगी भेटली, रडली, पप्पा पप्पा करत घरी आली, की हिची हरकत संपली. बघा, सरळ हिशेब आहे."

"बापाला पोर भेटायचं नाही का मग?" आई म्हणाली.

"शिक्षा म्हणजे काय असते? हवं ते मिळत नाही, तीच शिक्षा. पोर मांडीवर मिळत असेल तर शिक्षा कसली राहिली?"

"आणि त्याची शिक्षा हिला कशाला?" आईनं भाचीच्या खोलीकडं मान केली. "हिनं कुणाच्या डोक्यात काय घातलं होतं?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ताई दोघांचं ऐकत कपड्यांच्या घड्या करत होती. मग म्हणाली, "मी गेले तर रडेन नाहीतर भांडेन. तू घेऊन जा हिला."

ती मला म्हणत होती. कारण मी रडत नाही आणि भांडत नाही. मी बघत बसते.

माझं काम घरूनच असतं. परदेशातल्या दुकानांच्या वेबसाइटवर चपला, चादरी, मेणबत्त्या असतात, त्यांची वर्णनं मी लिहिते. मी कधी न पाहिलेली चादर किती मऊ आहे ते मी तीन ओळींत पटवून देऊ शकते. त्यामुळं गोड वाक्य कसं तयार होतं हे मला ठाऊक आहे, आणि ते ऐकलं की मी आधी त्यामागचा माल शोधते. 'गळाभेट' हा शब्दही मला तसाच वाटला. कुणीतरी बसून, विचार करून ठेवलेला. जेलला फोटो मिळतो, बापाला सुटी मिळते, पाहुण्यांना भाषण मिळतं. मुलीला नक्की काय मिळतं?

भाचीला विचारलं, जायचं का. तिनं बराच वेळ पेन्सिलीला टोक केलं.

"ते मला ओळखतील?"

"हो."

"मी त्यांना कसं ओळखणार?"

"फोटो आहेत ना आपल्याकडं."

"फोटो जुने आहेत," ती म्हणाली. ते खरं होतं.

निघायच्या सकाळी मी तिला पुन्हा बजावलं. कुणी खायला दिलं तर मला विचारून खायचं. कुणी काही कानात सांगितलं तर मला येऊन सांगायचं. कुणी चिठ्ठी दिली तर घ्यायची नाही. बूट घालता घालता तिनं विचारलं, "नियम सगळ्यांना सारखे ना?" मी तिच्या केसांतल्या पिना काढत होते, कारण आत पिना चालणार नाहीत असं वाचलं होतं. "हो, सारखे," मी म्हणाले.

रिक्षावाल्यानं ठिकाण ऐकल्यावर आरशातून आमच्याकडं एकदा बघितलं आणि वाटेत भाड्याखेरीज काही बोलला नाही. उतरताना मात्र भाचीला म्हणाला, "जा बाळा. भिऊ नगंस."

गेटबाहेर बायकापोरांची रांग होती. पोरं नवीन कपड्यांत, एकीच्या तर हातभर बांगड्या, जणू लग्नाला आलीत. माझ्यापुढं शिरोळकडची एक बाई होती, दोन मुलं घेऊन. तिनं वळून मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कोन हाय तुमचं आत?"

"बहिणीचे मिस्टर."

"मिस्टर!" ती हसली. "आमचा दादल्या हाय. पैल्यांदाच आलाय वाटतं?"

मी मान हलवली.

"चेहऱ्यावरच दिसतंय. आवो, हितं लाजायचं न्हाय. ज्याचं त्याचं असतंय." मग मुलाचं शेंबडं नाक आपल्या पदरानं पुसत म्हणाली, "पोराचं तोंड दिसलं की म्हैनाभर शाना ऱ्हातोय त्यो. आत कुनाच्या वाकड्यात जात न्हाय. पोरं म्हंजे जामीन असत्यात बगा."

ती हे चांगलं म्हणून सांगत होती. मी मात्र तिच्या पोराकडं बघितलं. मोठ्या माणसानं शहाणं राहावं म्हणून शेंबड्या मुलानं जामीन राहायचं.

कागद दाखवले, फोन जमा केला. बायकांच्या तपासणीत एका महिला शिपायानं भाचीची झडती घेतली. भाची दोन्ही हात बाजूला ताणून ताठ उभी राहिली, शाळेत कवायतीला राहते तशी. शिपाईबाई म्हणाली, "किती गुनाची गं तू!" बाई पाठमोरी झाल्यावर भाची मला हळूच म्हणाली, "हिनं स्वतःचं नाव नाही सांगितलं."

आत मोकळ्या जागेत मांडव घातला होता. एका बाजूला व्यासपीठ, फुलांच्या कुंड्या, बॅनर. मध्ये एक दोरी बांधलेली. लहान मुलांसोबतच्या मोठ्या माणसाला त्या दोरीपर्यंत येऊ देत होते, पुढं फक्त मुलं. पलीकडं सतरंज्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं बसलेली. भाषणं झाली. एका पाहुण्यांनी मुलांना फुलं म्हटलं आणि बापांना माळी. माझ्यातली वर्णनं लिहिणारी जागी झाली, मनात म्हणाली, हे वाक्य घरून आणलंय. एक फोटोवाला मुलांचे चेहरे टिपत फिरत होता. मी भाचीच्या पुढं उभी राहिले. "ताई, जरा बाजूला," तो म्हणाला. "चेहरे नंतर धूसर करतो आमी." मी सरकले नाही. मी मोठ्यानं नाही म्हणू शकत नाही, पण उभी राहू शकते.

मग नावं पुकारायला लागले. नाव आलं की बाप उठायचा, मूल दोरीखालून जायचं. शिरोळच्या बाईची दोन्ही पोरं पळतच गेली आणि बापावर आदळली. तो मागं पडता पडता वाचला. एक अगदी छोटं मूल भलत्याच माणसाकडं गेलं, त्या माणसानं त्याला उचलून त्याच्या बापाकडं दिलं, आणि नंतर कितीतरी वेळ तो स्वतःच्या रिकाम्या हातांकडं बघत राहिला. त्याचं कुणी आलं नव्हतं बहुतेक.

आमचं नाव आलं. दाजी उठले. मी त्यांना पटकन ओळखलं नाही. मिशी नव्हती, मान बारीक झाली होती, पांढरा सदरा खांद्यावरून ओघळत होता. ते माझ्याकडं बघून हसले. "काय म्याडम, बरं हाय न्हवं?" आवाज तोच. मी हात जोडले.

भाची दोरीखालून गेली. पळाली नाही. शाळेत बक्षीस घ्यायला जातात तसं सरळ रेषेत चालत गेली आणि त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. दाजींनी गुडघे टेकून हात पसरले.

"पासवर्ड सांगा," ती म्हणाली.

"आं?"

"आमच्या घरचा पासवर्ड. तुम्ही सांगितलात की मी येणार."

ती त्यांना 'तुम्ही' म्हणत होती. जन्मापासून तिनं आजोबा सोडून कुणा घरच्याला 'तुम्ही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

शेजारचा एक शिपाई हसला. "सांग की गड्या! बँकेचा हाय व्हय?" आजूबाजूचे दोघं-तिघं बंदीही हसले. दाजींचे हात अजून पसरलेलेच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला शब्द माहीत होता. तो जिभेवर आला होता. ओठ हलवले असते तरी त्यांना कळला असता. त्यांना माणसाच्या चेहऱ्यावरून वाचता येतं, तो त्यांचा धंदाच होता. पण तिथं शंभर कान होते, आणि मुख्य म्हणजे त्यांचे दोन होते. हा शब्द मी याच माणसाच्या घरापासून मुलीला जपायला केला होता. उद्या हे फर्लोवर सुटले, शाळेच्या गेटवर उभे राहिले, किंवा भावाला पाठवलं, तर हाच शब्द चालणार होता. मी जमिनीकडं बघितलं.

"सांगा की वो ताई," शिपाईबाई मला कोपरानं ढोसत म्हणाली. "येळ जातोय पोरीचा."

मी दोरी धरून ठेवली.

आता दाजी काहीतरी विकतील, असं मला वाटलं. रडतील. किंवा म्हणतील, अगं मी तुझा पप्पा, मला कसला पासवर्ड. किंवा हसून एखादा शब्द ठोकून देतील, बाबांसारखे देवांची नावं घेतील. दाजींनी हात खाली घेतले.

"मला न्हाय म्हाईत," ते म्हणाले.

"मग मी येऊ शकत नाही."

"बरोबर हाय." त्यांनी थोडा विचार केला आणि होते तिथंच मांडी घातली. "न्हाय म्हाईत तर यायचंच न्हाय. हितनं बोललं तर चालंल का?"

भाचीनं हा नियम आपल्या नियमात बसतो का ते मनात तपासलं. मग तीही खाली बसली, दोन हात लांब, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. आजूबाजूला सगळी मुलं गळ्यात, मांडीवर, खांद्यावर. मध्ये ही दोघं, पंगतीत समोरासमोर बसल्यासारखी.

"माझा आवडता रंग कुठला?" तिची परीक्षा सुरूच होती.

"तवा जांबळा हुता. आता म्हाईत न्हाय."

"आता पण जांभळाच आहे. माझ्या बेस्ट फ्रेंडचं नाव?"

"न्हाय म्हाईत."

"मी कितवीत आहे?"

"तिसरीत." हे मात्र त्यांनी झटकन सांगितलं.

"मला काय खायला आवडत नाही?"

"लई वरसं झाली गं. तवा तुला दुदाची साय आवडत न्हवती. हातावर पडली तर रडायचीस."

भाचीनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. साय तिला अजूनही आवडत नाही. पण ते तिनं त्यांना सांगितलं नाही.

मी दोरीला हात लावून उभी होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली काय आहे ते शोधत होते. ज्या माणसानं आदल्या दिवशी आलेला ट्रॅक्टर पोरीगत सांभाळलाय म्हणून विकला, तो आज चार प्रश्नांपैकी एकाला सरळ माहीत नाही म्हणत होता आणि दोन उत्तरांत आपलं अज्ञान मिसळत होता. हे खरं असेल. किंवा त्यांना कळलं असेल की या गिऱ्हाइकाला, या मुलीला आणि दोरीपाशी उभ्या असलेल्या तिच्या मावशीला, प्रामाणिकपणाच विकला जातो. मला फरक करता येत नव्हता. वर्णनं लिहून लिहून मला असं झालंय की खरी मऊ चादर हातात आली तरी मी आधी लेबल बघते.

नंतर ती शाळेबद्दल बोलली. त्यांनी तिला ट्रॅक्टरच्या चाकात पाणी का भरतात ते सांगितलं. ते तिला खोटं वाटलं. "चाकात हवा असते," ती म्हणाली. "हवा बी असते. वजन पायजे म्हणून पानी बी भरत्यात. तुज्या मावशीला इचार, इंग्लिशमधनं शोधून सांगंल." ती थोडी हसली, म्हणजे तोंड मिटून, माझ्यासारखी.

शिट्टी झाली. वेळ संपली. रडारड सुरू झाली. शिरोळच्या बाईचा धाकटा बापाच्या सदऱ्याला धरून लोंबकळत होता. भाची उठली, फ्रॉक झटकला. दाजी उठले नाहीत, बसूनच राहिले. ती दोन पावलं माझ्याकडं आली, थांबली, आणि परत फिरून सरळ त्यांच्यापाशी गेली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, दोन्ही हातांचा आडोसा करून, तिनं काहीतरी सांगितलं. मग त्यांच्या गळ्यात हात टाकून एकदा घट्ट धरलं आणि सोडलं.

दाजींनी तिला परत धरायला हात उचलला नाही. माझ्याकडंही बघितलं नाही. कानावर हात ठेवून ते तसेच बसले.

रिक्षात मी विचारलं, "कानात काय सांगितलंस?"

"पासवर्ड."

"का गं?"

"त्यांना माहीत नव्हता म्हणून."

"उद्या आपण बदलू तो."

ती रिक्षाच्या मोकळ्या बाजूनं बाहेर बघत होती. "मग त्यांना परत माहीत नसणार. आणि परत मला लांब बसायला लागणार." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला तर माहीत होता. तू का नाही सांगितलास त्यांना?"

मी म्हणाले, खूप गर्दी होती.

घरी मी एवढंच सांगितलं की भेट नीट झाली, मुलगी रडली नाही. कानातल्या शब्दाबद्दल बोलले नाही. बाबांना कळलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला भेटले असते, आणि ताईनं हवालदाराला तिथल्या तिथं नकार दिला असता. तो नकार मला हवा होता की नव्हता, तेच मला कळत नव्हतं. मी फक्त शाळा सुटायच्या वेळेआधी जाऊन गेटसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानापाशी उभी राहायला लागले. दुकानदारीण म्हणाली, "रोज येताय, एक पेन तरी घ्या." मी घेतलं. घरात बरीच पेनं जमली.

आणि एके दिवशी मोटारसायकल आली. काका. हातात कागदाचा पुडा, खाली तेलाचा डाग. मी दुकानाच्या खांबामागं सरकले. मला वाटलं, आलं. बाबा म्हणाले तेच. शब्द पोहोचला.

भाची बाहेर आली. काकानं हात हलवला. "ए बाळ! हिकडं ये. भडंग आणलंय आज्जीनं दिल्यालं."

ती गेटाच्या आतच थांबली. "पासवर्ड?"

"कसला गं पासवर्ड?"

"घरचा."

"आयला," काका वॉचमनकडं बघून हसला. "सख्ख्या काकाला पासवर्ड! मला कोन सांगनार तुमचं गुपित?"

"पप्पांना माहीत आहे. त्यांना विचारा."

काकाचं हसू गेलं. "परवाच भेटून आलो की तुज्या पप्पाला. सगळं सांगितलं त्येनं. पोरगी कशी लांब बसली, काय काय इचारलं. लई रडला. ह्ये पासवर्डचं तेवढं काय बोलला न्हाय."

मी खांबामागून बाहेर आले. मला बघून काकाला मुळीच नवल वाटलं नाही.

"व्हय म्याडम, तुमी हाय व्हय राखनीला? मग बरं हाय." त्यानं पुडा माझ्या हातात दिला. "आईला चालवत न्हाय आता. निस्तं बगायचं हुतं पोरीला, म्हनून आलतो. न्हेत न्हाय कुटं. एकदा न्हेली तर जलमभर चोर केलासा तुमी." मग भाचीकडं बघत म्हणाला, "मोटी झालीस की गं." आणि गाडीला किक मारली.

मी तिथंच उभी राहून हिशेब मांडत होते. दाजींनी भावाला सगळं सांगितलं, हा शब्द सांगितला नाही. म्हणजे त्यांनी तो जपला. किंवा स्वतःसाठी ठेवून दिला, सुटल्यावर वापरायला. किंवा हा काकाच कबूल करत नाही. तिन्ही शक्य होतं. पण पहिली शक्यता त्या दिवशी पहिल्यांदाच यादीत आली होती, आणि ती मला खोडता येईना.

संध्याकाळी ताई वारणानगरहून आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. कानात सांगितलेला शब्द, खांबामागं उभं राहणं, काका, सगळं. भडंगाचा पुडा ओट्यावर होता. तो फोडून मी आधी स्वतः घासभर भडंग खाल्लं होतं आणि भाचीला अजून दिलं नव्हतं. ती दारात उभी राहून विचारत होती, "कधी खायचं?"

ताईनं ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांनी मागितला नाही तिच्याकडं? तिनंच सांगितला?"

"तिनंच."

"आणि भावाला नाही बोलले."

"असं काका म्हणतो," मी म्हणाले.

ताईनं माझ्याकडं बघितलं. मग पुड्यात हात घालून मूठभर भडंग तोंडात टाकलं, मूठभर मुलीच्या हातावर दिलं. चावता चावता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जयसिंगपूरचं भडंग तिखट असतं.

"हवालदारांना सांगते, हरकत नाही," ती म्हणाली. "पण जयसिंगपुरातच राहायचं. शाळेकडं यायचं नाही. हिला भेटायचं असेल तर इथं, आपल्या घरात, आपल्यासमोर."

"बाबा?"

"बाबांचं मी बघते." ती हात धुवायला वळली. "आणि पुढच्या भेटीला मी गेटपर्यंत येते. आत तूच जा."

पासवर्ड आम्ही बदललेला नाही. मी अजून शाळा सुटायच्या आधी जाऊन उभी राहते.